साहेबांच्या सहा याद्या

आमच्या साहेबांसमोर हवापाण्याच्या गप्पा मारायची सोय नव्हती. "आजकाल ऊन फार वाढलंय," असं कुणी म्हटलं की ते मान वर करून विचारायचे, "किती दिसाचं मोजून म्हन्ते?" समोरचा माणूस गडबडायचा. मग साहेब म्हणायचे, "मंग गरमी लागून राहिली इतकंच म्हन ना. वाढली कायले म्हन्तं?"

छत्तीसगढातल्या हथखोजच्या एका लहान कारखान्यात ते क्वालिटीचे साहेब होते आणि मी त्यांची एकुलती एक असिस्टंट. आम्ही कन्व्हेयरच्या साखळीच्या पिना बनवत असू. साहेब तिथल्या मोठ्या स्टील प्लांटमधून रिटायर होऊन आले होते, वर्धेकडचे, राहायला वैशाली नगरात. मी चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतली, बाबा यार्डात, नुकती बीएस्सी झालेली. मुलाखतीत त्यांनी मला काहीच विचारलं नाही. एक पिन आणि मायक्रोमीटर पुढे केला आणि सांगितलं, "धा वेळा मोज." मी मोजलं. दहाही वेळा आकडा सारखा आला नाही म्हणून मला घाम फुटला आणि मी खरे आकडे तसेच लिहून दिले. साहेब खूश झाले. म्हणाले, "आतापर्यंत चार पोट्टे येऊन गेले. चौघायनं बी धा वेळा एकच आकडा लिवला. लबाड साले." मी प्रामाणिक होते असं नाही, सारखं कसं करायचं ते मला सुचलं नव्हतं. पण नोकरी लागली.

साहेबांचं खरं वैभव म्हणजे त्यांचा कॅल्क्युलेटर. साधा नव्हे, ग्राफ काढणारा. चांगला विटेएवढा, वर पोस्टकार्डाच्या निम्म्याएवढा पडदा आणि खाली पन्नासेक बटणं. मुलगा परदेशी शिकायला गेला होता, त्याने तिकडून आणलेला. काकूंनी, म्हणजे साहेबांच्या बायकोने, कॅल्क्युलेटरला ब्लाउजपीसची अस्तर लावलेली पिशवी शिवून दिली होती, नाडीसकट. मशीन शॉपमधले कामगार साहेबांना 'टीव्हीवाले बाबा' म्हणत. मी एकदा म्हटलं, "साहेब, हे सगळं आता मोबाईलवर होतं." त्यावर ते म्हणाले, "होत असन. पन याच्यावर कोनाचा फोन येत नाई, म्हून याचं डोकं ठिकानावर हाये."

त्या यंत्रात आकडे ठेवायला सहा याद्या होत्या, एल-वन ते एल-सिक्स. उभ्या रकान्यांसारख्या. रकान्यात आकडे टाकायचे, दोन बटणं दाबायची, की सरासरी, आकडे किती विखुरले आहेत त्याचं माप, सगळ्यात लहान, सगळ्यात मोठा, मधला, असं सगळं ओळीने पडद्यावर येई. एल-वन कारखान्याची, पिनांच्या मापांची. उरलेल्या पाच साहेबांच्या खासगी. एल-टूमध्ये मी सकाळी चरोद्याच्या रेल्वे फाटकावर किती मिनिटं अडकले ते असे. मी येऊन हेल्मेट काढायच्या आत ते विचारत, "आज किती?" एल-थ्रीमध्ये सांगितल्यापासून चहा किती मिनिटांनी आला. एल-फाइव्हमध्ये घरची लाइट रोज किती वेळ गेली. आणि एल-फोर काकूंची. कुठे निघायचं असलं की काकू आतून "आलीच" म्हणत. त्या 'आलीच'पासून प्रत्यक्ष कुलूप लागेपर्यंतची मिनिटं.

"माह्या 'आलीच'चा बी गराफ काढला यायनं," काकू मला एकदा पोळ्या वाढता वाढता सांगत होत्या. "अन् घरी येते त्यायले दाखोते. लाज नाई वाटत."

"लाज कायची? मधला आकडा पंधरा हाये. बाकीच्या बायायपेक्षा तू बरी असशीन."

"बाकीच्या बायायचे मोजले का तुमी?"

साहेबांनी ताटात मान घातली. मोजल्याशिवाय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं असावं. 

एल-सिक्स मुलाची होती. दर रविवारी त्याचा फोन येई, त्याची मिनिटं. त्याचा ग्राफ त्यांनी मला एकदाच दाखवला. सुरुवातीचे खांब चाळीस मिनिटांपर्यंत उंच होते आणि नंतरचे सगळे पाच-सातवर आले होते. मी म्हटलं, "काम वाढलं असेल त्यांचं." साहेब म्हणाले, "असन," आणि नाडी ओढून पिशवी बंद केली.

त्यांचे धडे दोन. पहिला एनचा. एन म्हणजे यादीत आकडे किती आहेत ती संख्या. यंत्र सरासरी सगळ्यात वर दाखवतं आणि एन त्याच पडद्यावर सगळ्यात खाली. आपण वरचा आकडा उतरवून मोकळे होतो. साहेब मला दिवसातून चारदा बजावत, "पयले एन पाय बाई. पंगतीत किती जन बसले तेच मालूम नाई, अन् तू वाढून राहिली." दुसरा धडा दूरच्या आकड्याचा. सगळे आकडे एकीकडे आणि एखादाच लांब जाऊन बसला असेल, तर लोक तो खोडून टाकतात. साहेबांना ते आवडत नसे. "त्याले पयले इचार, तू कावून गेला होता तिकडं. मंग खोडाचं का ठेवाचं ते पाहू."

हा धडा त्यांनी माझ्यावरच चालवला. फाटकावर मी रोज पाच ते बारा मिनिटं अडकायची. एके दिवशी अडतीस सांगितली. साहेबांनी आकडा टाकला, ग्राफ पाहिला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"कावून वं, अडतीस मिनिटं फाटक बंद होतं?"

"मालगाडी थांबली होती साहेब."

"खरं सांग. मी तुले पोलिसात देऊन नाई राहिलो. यादीत टाकून राहिलो."

फाटक आठच मिनिटं बंद होतं, बाकी वेळ मी मैत्रिणीबरोबर समोसे खात उभी होते. सांगून टाकलं. साहेबांनी अडतीस खोडले आणि आठ घातले. रागावले नाहीत. फक्त समोसे कुठले होते आणि गरम होते का, एवढं विचारलं.

ते रागावले ते एकदाच आणि ते मी विसरले नाही. नवीन होते तेव्हाची गोष्ट. यादी रिकामी करायची तर तिच्या नावावर जाऊन 'क्लिअर' दाबायचं असतं. मी 'डिलीट' दाबलं. एल-थ्रीचा अख्खा रकाना पडद्यावरून नाहीसा झाला, नावासकट. दीड वर्षाचा चहा! साहेबांचं तोंड पांढरं पडलं. ते ओरडले नाहीत; ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी यंत्र माझ्या हातातून काढून घेतलं, पिशवीत घातलं आणि दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एल-थ्री जागेवर होती, सगळ्या आकड्यांसकट. कुठल्या तरी डायरीत लिहून ठेवलेले असतील, त्यातून पाहून परत टाकली असणार, बोटं दुखली असतील म्हाताऱ्याची, असं मनात येऊन मला रडू फुटलं. तेव्हापासून मी 'डिलीट' तर सोडाच, 'क्लिअर'लाही बोट लावत नसे. यादी रिकामी करायची वेळ आली की यंत्र साहेबांकडे सरकवायची.

घरी आई म्हणायची, "त्या डबड्याले तू घाबरते का त्या बुढ्याले?" बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "शिकून राहिली ना, शिकू दे." त्यांना साहेबांबद्दल आदर होता. एकदा साहेब मला सोडायला घरापर्यंत आले होते, बाबांना त्यांनी आधी 'जय भीम' घातला आणि नंतर मायक्रोमीटर कसा जपायचा यावर दोघं तासभर बोलत बसले. चहा दोनदा झाला. तो किती मिनिटांनी आला हे मोजायचं साहेब विसरले, असं मी बाबांना अभिमानाने सांगितलं होतं.

आता साहेब अमरावतीला मुलीकडे असतात. पुढे त्या कारखान्यात कॉम्प्युटर आला, मीही नोकरी बदलली. अधूनमधून फोनवर बोलणं होतं. ऐकू कमी येतं त्यांना, म्हणून काकूच मध्ये बोलतात. त्यांच्याविषयी कुणी विचारलं की मी चहाच्या आणि 'आलीच'च्या यादीची गोष्ट सांगते, लोक हसतात. पुढची गोष्ट मात्र मी फारशी सांगत नाही, कारण तिच्यात माझी फजिती आहे. फजिती हा फार हलका शब्द झाला.

साहेब भाचीच्या लग्नाला वर्धेला निघाले होते. नेमक्या त्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाने पिना परत पाठवल्या होत्या, माप जुळत नाही म्हणून. आमच्याकडे पिना करणारे तीन लेथ होते. कारखान्याच्या मालकाने, शेठने, सांगितलं, तिन्ही मशिनींच्या तीस-तीस पिना मोजा आणि कुणाचं काम बिघडलंय ते सांगा. एक आणि दोन नंबरचं साहेबांनी जायच्या आधी उरकलं. दोन्ही ठीक. संध्याकाळी वेळ होता म्हणून त्यांनी मला शिकवायला भंगारातल्या पन्नास पिना मोजायला लावल्या, वाकड्यातिकड्या, वाटेल त्या मापाच्या. ते पन्नास आकडे एल-वनमध्ये टाकून 'बिघाड कसा दिसतो' ते दाखवलं. मग घड्याळ पाहिलं, गाडीची वेळ झाली होती. पिशवी माझ्या हातात दिली. पहिल्यांदाच. "तीन नंबरचं तू कर," म्हणाले.

मला किती आनंद झाला काय सांगू! स्कूटीच्या डिकीत न ठेवता मी ती पिशवी गळ्यात घालून घरी नेली.

दुसऱ्या दिवशी तीन नंबरच्या तीस पिना मोजल्या. यंत्र उघडलं तर एल-वनमध्ये भंगाराचे पन्नास आकडे. रिकामी करायला हवी होती. साहेब नव्हते आणि माझं बोट 'क्लिअर'कडे जाईना. मग मी डोकं चालवलं: पहिल्या खान्यापासून जुन्या आकड्यांवर नवे आकडे टाकत गेले. तीस टाकले. खाली वीस भंगाराचे तसेच राहिले. ते पडद्याच्या खाली होते, दिसत नव्हते, आणि मी खाली गेले नाही. सरासरी उतरवली, विखुरल्याचं माप उतरवलं. ते बाकीच्या दोन मशिनींच्या कितीतरी पट आलं. एन पाहिला नाही. कागदावर सही केली आणि शेठच्या टेबलावर नेऊन ठेवला. तिथून निघताना स्वतःवर भारी खूश होते.

तीन नंबरवर एक छत्तीसगढी मिस्त्री होता, पन्नाशी उलटलेला. कमी बोलायचा, मान खाली घालून काम करायचा. शेठने त्याला बुधवारी सगळ्या शॉपसमोर बोलावलं, माझा कागद हातात धरून. "हाथ कांपने लगा है तेरा," म्हणाले. "कल से मत आना." मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "पीता होगा." मिस्त्रीने फडक्याला हात पुसले. डबा उचलला आणि गेला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण आकडा आकडा आहे, असंही वाटलं.

शनिवारी साहेब आले. लग्नातले लाडू टेबलावर ठेवले, यंत्र मागितलं, मी केलेलं काम उघडलं. सवयीने त्यांचं बोट आधी खालच्या ओळीवर गेलं.

"पिना किती मोजल्या होत्या तू?"

"तीस."

"इथं पन्नास कावून हायेत?"

मी पडद्याकडे पाहिलं. त्यांनी यादी खाली सरकवली. एकतिसाव्या आकड्यापासून भंगार सुरू झालं. त्यांनी ते वीस आकडे काढून परत बटणं दाबली. तीन नंबरचं काम तिन्ही मशिनींत सगळ्यात चांगलं होतं.

"साफ कावून नाई केली यादी?"

 मी म्हटलं, "मला भीती वाटते साहेब. एल-थ्री गेली होती तेव्हापासून. तुम्ही सगळी डायरीतून परत टाकलीत..."

साहेब खुर्चीत मागे टेकले.  मग म्हणाले, "डायरीतून नाई टाकली."

"मग?"

"गेलीच नव्हती ते. नुसती पडद्यावरून जाते, आत राह्यते. पुस्तकात लिवलं हाये, दोन बटनं दाबली का वापस येते. मले दुसऱ्याच दिशी सापडलं." त्यांनी चष्मा काढला. "तुले सांगतलं नाई. म्हटलं, भेव राहील तर हात सांभाळून चालवशीन."

मला त्यांचा इतका राग आला की शरमही क्षणभर विसरले. आणि मग लक्षात आलं, राग करत बसायला वेळ नाही. तीन दिवसांपासून एक माणूस घरी बसला आहे.

साहेबांनी यंत्र माझ्यापुढे सरकवलं. "कर साफ. एल-वन."

मी केली.

"एल-टू. एल-थ्री."

"साहेब, तुमच्या आहेत त्या."

"मालूम हाये. कर."

फाटक गेलं, चहा गेला, काकूंचं 'आलीच' गेलं, लाइट गेली. एल-सिक्सवर मी थांबले. "ही राहू द्या ना." ते म्हणाले, "नाई. ते बी." मी 'क्लिअर' दाबलं आणि रविवारची सगळी मिनिटं पुसली गेली. साहेब रिकाम्या पडद्याकडे पाहत म्हणाले, "झालं? मेलं का कोनी? चाल आता."

शेठकडे गेलो. साहेबांनी सरळ सांगितलं, "गलती हमारी है." शेठने विचारलं, हमारी म्हणजे कुणाची. "आधी इनकी, आधी मेरी." शेठ कागदाकडे आणि आमच्याकडे आळीपाळीने पाहत राहिले. मग म्हणाले, ठीक आहे, मुनीमजी फोन करून बोलावून घेतील. साहेब म्हणाले, "सबके सामने निकाला, और फोन पे बुलाएंगे?" शेठ वैतागले. "तो आप जाओ ना, बाबा!" (गिऱ्हाइकाची ती तक्रार, सांगायचं राहिलं, पुढे पॅकिंगमधली निघाली. दोन मापांच्या पिना एका पेटीत गेल्या होत्या.)

मिस्त्रीचं घर हथखोजच्याच मागच्या वस्तीत होतं. पुढे साहेबांची स्कूटर, मागे माझी स्कूटी. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होते. माफी कुठल्या शब्दांत मागायची, सोमवारपासून यायचं आधी सांगायचं की नंतर. मिस्त्री अंगणात खाटेवर बसला होता. आम्हाला पाहून धडपडत उठला आणि खाट साहेबांना दिली. त्याची बायको दारात आली, "बइठव न," म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. जुने आकडे राहिले, मी पाहिले नाहीत, तुमचं काम चांगलं आहे, चूक माझी. हिंदीत सांगताना अडखळत होते. साहेब म्हणाले, "इसको डर मैंने लगाया था. तो मेरी भी."

याद्यांचं त्याला काही कळलं नसावं. त्याने एवढंच विचारलं, "तो मैं ठीक बना रहा था?"

"हां. सबसे ठीक."

त्याने दोन्ही हात पुढे धरले. मग म्हणाला, "मैडम, मैं तो तीन दिन से हाथ देख रहा हूं. पीता भी नहीं हूं मैं. फिर सोचा, मशीन में निकला है तो कांपता ही होगा, मेरे को पता नहीं चलता होगा."

त्याची बायको ताटात पाण्याचे ग्लास घेऊन आली होती. ती आमच्याकडे न पाहता म्हणाली, "बिहनिया ले संझा तक गिलास ला भरके धरे बइठे रहिथे. पानी हालत हे का, देखथे."

नोकरीचं मी रस्ताभर मनात घोळवत आले होते. तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत भरलेला ग्लास धरून पाणी हलतं का पाहत बसेल, हे मला सुचलंच नव्हतं. मी त्याचं काम काढून घेतलं होतं ते शेठ परत देऊ शकत होते. त्याच्या हातावरचा त्याचा भरवसा कोण परत देणार होतं? मला तिथून पळून जावंसं वाटलं.

साहेबांनी ताटातला एक ग्लास उचलला. काठोकाठ भरून मागितला. भरलेला ग्लास त्यांनी हात लांब करून धरला. त्यांचा हात थरथरत होता, मी रोज पाहत असूनही कधी न पाहिलेला, आणि पाणी त्यांच्या मनगटावरून पांढऱ्या बाहीत उतरत होतं.

"देख," ते म्हणाले, "इसको कांपना बोलते हैं."

मग तो ग्लास त्यांनी परत काठोकाठ भरायला लावला आणि मिस्त्रीच्या हातात दिला. मिस्त्रीने हात लांब केला. साहेब खाटेवरून उठून जवळ गेले, चष्मा लावला, वाकून पाहू लागले. मीही पाहत होते. त्याची बायको पाहत होती. पाणी हललं नाही.

मिस्त्री रडू लागला, तरी हललं नाही.